देर, दी की दास? जर्मन नामांच्या लिंगाविषयी वाचकांचे प्रश्न

जर्मन शिकणाऱ्या वाचकांकडून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात: नामाचे लिंग आणि त्याच्याआधी येणारे आर्टिकल. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की जर्मनमध्ये पुल्लिंगी नामाआधी ‘देर’, स्त्रीलिंगी नामाआधी ‘दी’ आणि नपुंसकलिंगी नामाआधी ‘दास’ येते. अनेकवचनात तिन्ही लिंगांना ‘दी’ हेच आर्टिकल लागते. जर्मन शब्दांचे उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत.

प्रश्न : मला जर्मन शिकायला लागून वर्ष होत आले. वहीत पुष्कळ शब्द लिहिले, पण त्यांची आर्टिकल्स लिहिली नाहीत, कारण अर्थ समजला की पुरे असे तेव्हा वाटले. आता प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीलाच अडखळतो. कोणते नाम कोणत्या लिंगाचे हे ओळखण्याचे काही नियम आहेत, की सगळे पाठच करायचे?

उत्तर : नियम आहेत, आणि वर्गात पहिल्या काही महिन्यांत वाटते त्यापेक्षा ते कितीतरी अधिक उपयोगी आहेत. अडचण अशी की खुर्ची (देर श्टूल), दार (दी ट्यूर), पुस्तक (दास बूख) यांसारख्या रोजच्या लहान शब्दांपर्यंत हे नियम फारसे पोहोचत नाहीत आणि नेमके हेच शब्द आपल्याला सर्वांत आधी शिकावे लागतात. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याला ही भाषा मनमानी करणारी वाटते. शब्द जसजसे मोठे आणि अमूर्त होत जातात, तसतशी तिची शिस्त दिसू लागते.

ही शिस्त मुख्यतः शब्दाच्या शेवटी असते. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’ आणि ‘-शाफ्ट’ हे प्रत्यय लागून तयार झालेली नामे स्त्रीलिंगीच असतात: दी त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, दी वोनुंग म्हणजे राहण्याची जागा, दी फ्राइहाइट म्हणजे स्वातंत्र्य, दी म्योग्लिशकाइट म्हणजे शक्यता, दी फ्रॉइंटशाफ्ट म्हणजे मैत्री. लॅटिनमधून किंवा फ्रेंचमधून आलेल्या ‘-टेट’ आणि ‘-त्सिओन’ या शेवटांचेही तसेच आहे. दी उनिवेर्सिटेट आणि दी नात्सिओन ही त्यांची उदाहरणे. लहानपणा किंवा लाडिकपणा दाखवणारे ‘-शेन’ आणि ‘-लाइन’ हे प्रत्यय मूळ नाम कोणत्याही लिंगाचे असो, त्याला नपुंसकलिंगी करतात. क्रियापदाचे मूळ रूप जसेच्या तसे नाम म्हणून वापरले तर तेही नपुंसकलिंगी असते, म्हणून ‘एसेन’ म्हणजे जेवणे आणि ‘दास एसेन’ म्हणजे जेवण. ‘-इस्मुस’ने संपणारे सगळे ‘वाद’ पुल्लिंगी आहेत. क्रियापदाला ‘-अर’ लावून जो कर्ता तयार होतो तोही पुल्लिंगी. उदाहरणार्थ, देर लेरर म्हणजे शिक्षक. त्यालाच ‘-इन’ लावला की दी लेररिन म्हणजे शिक्षिका होते. एवढे प्रत्यय पक्के केले तर वर्तमानपत्रातील एखाद्या लेखातली पुष्कळ अवघड नामे आर्टिकलसकट तुमच्या ताब्यात येतात, आणि हे काम फार तर एका आठवड्याचे आहे.

मात्र प्रत्यय म्हणजे शब्दाला बाहेरून जोडलेला अंश, हे लक्षात ठेवावे. ‘श्प्रुंग’ म्हणजे उडी. हा शब्द ‘उंग’ने संपतो, तरीही तो पुल्लिंगी आहे, कारण तेथे ‘उंग’ हा धातूचाच भाग आहे. केकसाठी असलेला ‘कूखेन’ हा शब्द रोमन लिपीत लिहिताना शेवटची चार अक्षरे ‘-शेन’ या प्रत्ययाचीच येतात, पण तो प्रत्यय नव्हे; शब्द आहे देर कूखेन. अशा ठिकाणी नियम मोडतो असे म्हणण्यात अर्थ नाही, आपण तो चुकीच्या जागी लावलेला असतो.

याच्या खालोखाल असे नियम येतात ज्यांना अपवाद आहेत, पण ज्यांच्यावर बऱ्यापैकी विसंबता येते. ‘-ए’ने संपणारी बहुतेक निर्जीव नामे स्त्रीलिंगी असतात, जसे दी लाम्पे (दिवा) किंवा दी श्ट्रासे (रस्ता), परंतु देर नामे (नाव), देर केझे (चीज), दास एंडे (शेवट) आणि दास आउगे (डोळा) हे अपवाद इतक्या वेळा समोर येतात की ते वेगळे पाठ करणेच बरे. समूहवाचक ‘गे-’ने सुरू होणारे शब्द पुष्कळदा नपुंसकलिंगी असतात, जसे दास गेबिर्गे म्हणजे पर्वतरांग. वार, महिने आणि ऋतू पुल्लिंगी आहेत. यापलीकडे अर्थावरून लिंग ठरवण्याच्या ज्या लांबलचक याद्या अभ्यासपुस्तकांत असतात त्यांच्यामागे फार लागू नये, असे माझे मत आहे. पेयांच्या यादीत वाइन पुल्लिंगी आणि बिअर नपुंसकलिंगी, धातूंच्या यादीत सोने नपुंसकलिंगी आणि पोलाद पुल्लिंगी. म्हणजे यादी पाठ करायची, आणि मग तिचे अपवादही पाठ करायचे.

लहान, एकाक्षरी शब्दही अगदीच अराजकात नाहीत. क्लाउस-मिशाएल क्योप्के आणि डेव्हिड झुबिन या भाषाशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की अशा शब्दांच्या ध्वनिरचनेचा त्यांच्या लिंगाशी संबंध असतो. ‘क्न’ या जोडध्वनीने सुरू होणारे एकाक्षरी शब्द बहुतांशी पुल्लिंगी आहेत, उदाहरणार्थ देर क्नोप्फ (बटण) आणि देर क्नाल (स्फोटासारखा आवाज). ‘गुडघा’ या अर्थाचा दास क्नी हा त्यातला ठळक अपवाद. ‘नाख्ट’ म्हणजे रात्र, ‘माख्ट’ म्हणजे सत्ता, ‘प्फ्लिश्ट’ म्हणजे कर्तव्य, अशा शेवटाचे अनेक शब्द स्त्रीलिंगी आहेत, तर ‘लिश्ट’ म्हणजे प्रकाश मात्र नपुंसकलिंगी. एकूण एकाक्षरी शब्दांत पुल्लिंगी शब्द अधिक आहेत. संपूर्ण शब्दकोशाचा विचार केला तर निम्म्याहून काहीशी कमी नामे स्त्रीलिंगी, सुमारे एक तृतीयांश पुल्लिंगी आणि सुमारे एक पंचमांश नपुंसकलिंगी भरतात. जर्मन मुले हे सगळे नियम म्हणून शिकत नाहीत, ते त्यांच्या कानात बसते. मोठ्या वयात शिकणाऱ्याच्या कानातही ते हळूहळू बसते, पण त्यासाठी शब्द आर्टिकलसकट ऐकलेला आणि उच्चारलेला असावा लागतो.

जुनी वही पहिल्या पानापासून दुरुस्त करायला बसू नका. या आठवड्यात जी नामे तुमच्या बोलण्यात किंवा लिहिण्यात खरोखर येतील तेवढीच शब्दकोशात पाहून आर्टिकल आणि अनेकवचनासह नव्याने लिहा. जे शब्द वर्षभरात एकदाही लागले नाहीत ते तसेच राहिले तरी बिघडत नाही.

प्रश्न : मराठीतही तीन लिंगे आहेत. मग मराठीतल्या लिंगावरून जर्मनमधले लिंग ठरवता येईल का? आणि ‘मुलगी’ या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी कसा असू शकतो? मला तो विचित्रच वाटतो.

उत्तर : लिंगे तीन असणे हा योगायोग नाही. संस्कृत आणि जुनी जर्मन या दोन्ही भाषा ज्या भाषाकुलातून आल्या त्यातच तीन लिंगांची व्यवस्था होती. इंग्रजीने ती जवळजवळ टाकून दिली, फ्रेंच आणि हिंदीने दोनच ठेवली. मराठी, गुजराती आणि जर्मन यांनी तिन्ही जपली. मराठी माणसाला याचा मोठा फायदा होतो. निर्जीव टेबलालाही ‘तो’ किंवा ‘ते’ म्हणावे लागते, विशेषण आणि सर्वनाम त्यानुसार बदलते, हे इंग्रजीच्या माणसाला पहिल्यापासून समजावून घ्यावे लागते. आपण जन्मापासून ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ असे बोलत आलो आहोत. आपल्या ‘तो, ती, ते’ या सर्वनामांच्या जागी जर्मनमध्ये ‘एर, झी, एस’ आहेत आणि वस्तूंनाही ती तशीच लागतात.

परंतु व्यवस्था सारखी असली तरी तिच्यातले शब्द सारखे वाटलेले नाहीत. घर, पुस्तक, पाणी आणि मीठ हे शब्द दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहेत. एवढे जुळल्यावर साहजिकच आशा वाढते, आणि मग दूध (दी मिल्श) व लोणी (दी बुटर) स्त्रीलिंगी निघतात, साखर (देर त्सुकर) पुल्लिंगी निघते आणि खिडकी (दास फेन्स्टर) नपुंसकलिंगी. म्हणून मराठीवरून अंदाज बांधण्याची सवय लावूच नये. जुळलेले शब्द लक्षात राहतात आणि न जुळलेले दर वेळी दगा देतात.

एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांचा कल फार सुंदर रीतीने जुळतो, तो म्हणजे लहान जिवांच्या बाबतीत. आपण मूल, वासरू, कोकरू, शिंगरू यांना ‘ते’ म्हणतो. जर्मनमध्येही दास किंट, दास काल्प, दास लाम आणि दास फोलेन असेच आहे. ‘मुलगी’ या अर्थाचा ‘मेटशेन’ हा शब्द याच्या शेजारी ठेवून पाहिला तर त्याचे विचित्रपण कमी होते. हा शब्द ‘माग्ट’ या जुन्या स्त्रीलिंगी शब्दाला ‘-शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झाला आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे ‘-शेन’ लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. मुलीविषयीच्या कोणत्याही मताशी त्याचा संबंध नाही. संस्कृत शिकलेल्या वाचकांना येथे ‘पत्नी’ या अर्थाचे शब्द आठवतील: पत्नी स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी आणि दार हा शब्द तर पुल्लिंगी, तोही बहुवचनी. व्यक्ती एकच असून तिच्यासाठीच्या तीन शब्दांना तीन लिंगे आहेत, कारण व्याकरणातले लिंग शब्दाचे असते. वाक्यात ‘मेटशेन’ला जोडून येणारे आर्टिकल आणि संबंधी सर्वनाम नपुंसकलिंगीच ठेवावे लागते, मात्र पुढच्या वाक्यात त्याच मुलीविषयी बोलताना जर्मन लोक पुष्कळदा सरळ ‘झी’ म्हणजे ‘ती’ वापरतात आणि ते चूक मानले जात नाही.

मराठीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आकारान्त शब्द बहुधा ‘तो’, ईकारान्त बहुधा ‘ती’, असे काही ढोबळ नियम आपल्याकडेही आहेत. पण हात, मान आणि नाक या तीन शब्दांच्या शेवटावरून त्यांची लिंगे कोणालाही सांगता येणार नाहीत. तरीही चार वर्षांचे मूल ती चुकत नाही. ‘हात पुल्लिंगी आहे’ असे त्याने कधी पाठ केलेले नसते, त्याने ‘माझा हात’, ‘माझी मान’, ‘माझे नाक’ असेच हजारदा ऐकलेले असते. शब्दाचे लिंग त्याच्यापर्यंत शेजारच्या शब्दाच्या रूपातून पोहोचले. जर्मन आर्टिकल शिकण्याचा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे. नामाला चिकटवलेली चिठ्ठी म्हणून लिंग पाठ करू नये. नाम आणि त्याच्यामुळे बदलणारा शेजारी शब्द एका दमात शिकावेत. हे प्रत्यक्षात कसे करायचे ते पुढे एका प्रश्नाच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : ‘फ्राउ’ म्हणजे स्त्री हा शब्द ‘दी’चा आहे असे शिकलो. पण धड्यात ‘मिट देर फ्राउ’ असे छापले आहे. ‘देर’ तर पुल्लिंगी आर्टिकल ना? ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : छपाई बरोबर आहे, आणि तुमची शंका फार मोलाची आहे, कारण आर्टिकल फक्त लिंग दाखवते हा गैरसमज तिथेच तुटतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नामाला लागतो: स्त्री, स्त्रीला, स्त्रीचा. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा तसेच राहते आणि विभक्तीचा भार आर्टिकल उचलते. ‘मिट’ म्हणजे ‘सह’. या शब्दानंतर जर्मन वर्गात जिला ‘दातिव’ म्हणतात ती, म्हणजे साधारणपणे आपली चतुर्थी, वापरावी लागते आणि त्या विभक्तीत स्त्रीलिंगी ‘दी’चे रूप ‘देर’ होते.

पुल्लिंगात प्रथमेत देर, द्वितीयेत देन, चतुर्थीत देम आणि षष्ठीत देस अशी चार वेगळी रूपे आहेत. नपुंसकलिंगात प्रथमा आणि द्वितीया दोन्हींत दास राहते, पुढे पुल्लिंगासारखेच देम आणि देस. स्त्रीलिंगात पहिल्या दोन्हींत दी आणि नंतरच्या दोन्हींत देर. अनेकवचनात दी, दी, देन, देर. म्हणजे कानावर पडलेले ‘देर’ पुल्लिंगी प्रथमेचे असू शकते, स्त्रीलिंगी चतुर्थी किंवा षष्ठीचे असू शकते, अथवा अनेकवचनी षष्ठीचेही असू शकते.

याचे महत्त्व एका वाक्यात दिसते. ‘देर हुंट बाइस्ट देन मान’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. आता नामांच्या जागा बदलू, पण प्रत्येकाचे आर्टिकल त्याच्याबरोबरच नेऊ: ‘देन मान बाइस्ट देर हुंट’. चावणारा अजूनही कुत्राच आहे, कारण ‘देन’ हे ‘माणसाला’मधल्या ‘ला’चे काम करत आहे. आर्टिकल्सची अदलाबदल करून ‘देन हुंट बाइस्ट देर मान’ म्हटले की माणूस कुत्र्याला चावला. ‘माणसाला कुत्रा चावतो’ हे वाक्य आपण ज्या सहजतेने समजतो त्याच सहजतेने जर्मन माणूस ही वाक्ये समजतो. म्हणून लिंग चुकले तर केवळ शोभा जाते असे समजू नये. पुल्लिंगी नामाचे लिंग माहीत नसेल तर ‘देन’ कुठे वापरायचा हेच कळत नाही आणि वाक्यातला कर्ता कोण व कर्म कोण हे धूसर होते.

वाचताना एखाद्या नव्या शब्दाचे लिंग ओळखायचे असेल तर एकट्या ‘देर’वर विसंबू नका, त्यापेक्षा खात्रीची चिन्हे आहेत. ‘एक’ या अर्थाच्या ‘आइन’ या आर्टिकलचे ‘आइनेन’ हे रूप दिसले तर पुढचे नाम निश्चितपणे पुल्लिंगी आहे. ‘आइने’ दिसले तर ते स्त्रीलिंगी आहे. ‘त्सुर’ हे ‘त्सू’ (-कडे) आणि ‘देर’ यांचे जोडरूप असल्यामुळे तेही स्त्रीलिंगाचीच खूण आहे; ‘त्सुम’ किंवा ‘इम’ ही ‘देम’ची जोडरूपे दिसली तर नाम पुल्लिंगी वा नपुंसकलिंगी आहे एवढेच कळते. नुसते ‘आइन’ असेल आणि पुढे विशेषण असेल तर विशेषणाकडे पाहावे: ‘आइन गूटर मान’ म्हणजे चांगला माणूस, ‘आइन गूटेस किंट’ म्हणजे चांगले मूल. आर्टिकलने जे लपवले ते विशेषणाचा शेवट सांगतो.

प्रश्न : जर्मनमध्ये दोनतीन नामे जोडून मोठे शब्द करतात. त्यांचे लिंग कसे ठरवायचे?

उत्तर : शेवटच्या नामावरून. घर नपुंसकलिंगी आहे आणि दार स्त्रीलिंगी आहे, म्हणून घराचे दार ‘दी हाउसट्यूर’. शब्दकोश ‘दास व्योर्टरबूख’, कारण शेवटी बूख म्हणजे पुस्तक आहे. साखळी कितीही लांब झाली तरी हा नियम टिकतो. लक्षात ठेवण्याजोगे अपवाद थोडेच आहेत: वोखे म्हणजे आठवडा स्त्रीलिंगी असूनही बुधवार ‘देर मिटवोख’ आहे, आणि वोर्ट म्हणजे शब्द नपुंसकलिंगी असूनही उत्तर ‘दी आंटवोर्ट’ आहे.

प्रश्न : ‘झे’ या शब्दाला एका ठिकाणी देर आणि दुसऱ्या ठिकाणी दी लावलेले आढळले. ई-मेलसाठीही वेगवेगळी आर्टिकल्स दिसतात. यातले बरोबर कोणते?

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘देर झे’ म्हणजे सरोवर आणि ‘दी झे’ म्हणजे समुद्र, म्हणजे येथे लिंगाबरोबर अर्थ बदलतो. मराठीत ‘वेळ’ हा शब्द असाच आहे. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ आली’ या दोन वाक्यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. जर्मनमध्ये असे जोड बरेच आहेत. देर लाइटर म्हणजे प्रमुख आणि दी लाइटर म्हणजे शिडी. दी श्टॉयर म्हणजे कर आणि दास श्टॉयर म्हणजे गाडीचे स्टिअरिंग. देर गेहाल्ट म्हणजे आशय आणि दास गेहाल्ट म्हणजे पगार. नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हा शेवटचा जोड विसरू नये.

ई-मेलचा प्रश्न प्रदेशाचा आहे. जर्मनीत ‘दी ई-मेल’ रूढ आहे, तर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे ‘दास ई-मेल’ही सर्रास चालते. दही-योगर्टच्या ‘योगुर्ट’ या शब्दाला जर्मनीत मुख्यतः देर आणि ऑस्ट्रियात दास लावतात. लॅपटॉपला देर आणि दास ही दोन्ही आर्टिकल्स शब्दकोशांनी मान्य केली आहेत. परक्या भाषेतून आलेला शब्द रुळत असताना असे होतेच. तो बहुधा अर्थाने जवळच्या जर्मन शब्दाचे लिंग घेतो, किंवा त्याच्या शेवटावरून त्याचे लिंग ठरते. ‘कॉम्प्युटर’ अरने संपतो म्हणून देर, आणि ‘मीटिंग’, ‘ट्रेनिंग’ असे इंग्रजी ‘-इंग’चे शब्द दास. शंका आली की दूडेन पाहावा. कोनराड दूडेन यांच्या ज्या शब्दलेखनकोशापासून ही परंपरा सुरू झाली तो १८८० साली निघाला आणि आजही वाद झाला की लोक त्याच नावाचा कोश उघडतात. त्यात जिथे दोन आर्टिकल्स दिलेली असतील तिथे दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही ज्या देशात जाणार आहात किंवा ज्या परीक्षेला बसणार आहात तिथले रूप उचला आणि त्यालाच धरून राहा.

प्रश्न : मी पुल्लिंगासाठी निळी, स्त्रीलिंगासाठी लाल आणि नपुंसकलिंगासाठी हिरवी अशी कार्डे केली आहेत. कार्ड पाहताना सगळे आठवते, पण बोलताना एकही आर्टिकल वेळेवर सुचत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : रंगांची युक्ती वाईट नाही, अनेक पाठ्यपुस्तकेही ती वापरतात. पण कार्ड पाहताना तुम्ही ‘हा शब्द कोणत्या रंगाचा?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सराव करता, आणि बोलताना तो प्रश्न कोणी विचारत नाही. बोलताना ‘चमच्याने’, ‘एक चमचा’, ‘चमचा लहान आहे’ असे तुकडे लागतात. तेव्हा सरावही त्याच तुकड्यांचा हवा.

चमचा, काटा आणि सुरी हे त्रिकूट यासाठी उत्तम आहे, कारण जर्मनमध्ये त्यांची लिंगे वेगवेगळी आहेत: देर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. कार्डावर एकेक शब्द लिहिण्याऐवजी प्रत्येकाची तीन छोटी वाक्ये किंवा वाक्यांश मोठ्याने म्हणा. ‘इश ब्राउखे आइनेन ल्योफेल’, मला चमचा हवा आहे. ‘मिट देम ल्योफेल’, चमच्याने. ‘देर ल्योफेल इस्ट क्लाइन’, चमचा लहान आहे. मग काट्याकडे वळा: ‘इश ब्राउखे आइने गाबेल’, ‘मिट देर गाबेल’, ‘दी गाबेल इस्ट क्लाइन’. मग सुरी: ‘इश ब्राउखे आइन मेसर’, ‘मिट देम मेसर’, ‘दास मेसर इस्ट क्लाइन’. शेवटी नाम गाळून नुसते सर्वनाम घाला: ‘एर इस्ट क्लाइन’, ‘झी इस्ट क्लाइन’, ‘एस इस्ट क्लाइन’. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘मिट देम’ म्हणताच तोंडात ल्योफेल किंवा मेसर आपोआप येतो आणि ‘मिट देम गाबेल’ म्हटले तर कानाला खटकते. तो खटका बसू लागला की त्या शब्दापुरते काम झाले असे समजावे. असे दिवसाला पाचसहा शब्द पुरेत. तीस शब्दांच्या यादीवर नजर फिरवण्यापेक्षा मला हे केव्हाही अधिक मोलाचे वाटते.

याच वेळी अनेकवचनही शिकून घ्या, कारण जर्मनमध्ये त्याचाही एक ठरलेला प्रत्यय नाही. देर टिश (टेबल) याचे दी टिशे होते, दी फ्राउचे दी फ्राउएन, दास बूखचे दी ब्यूशर. ल्योफेल मात्र बदलतच नाही. देर ल्योफेल म्हणजे एक चमचा आणि दी ल्योफेल म्हणजे अनेक चमचे. तिथे एकवचन-अनेकवचनाचा भेद एकट्या आर्टिकलवर उभा असतो.

आणखी एक सवय मी आग्रहाने मोडायला सांगेन. खात्री नसली की पुष्कळ विद्यार्थी आर्टिकल अर्धवट गिळून ‘दऽ टिश’ असे काहीतरी पुटपुटतात. त्यामुळे चूक लपते, पण दुरुस्तही होत नाही. चुकीचे का होईना, आर्टिकल स्पष्ट उच्चारावे. समोरचा जर्मन माणूस उत्तर देताना तोच शब्द योग्य आर्टिकलने पुन्हा वापरतो, तेव्हा तो कान देऊन ऐकावा आणि आपल्या पुढच्या वाक्यात लगेच तसाच वापरावा. आर्टिकल चुकले म्हणून कोणी संभाषण थांबवत नाही. सगळी आर्टिकल्स पक्की झाल्याशिवाय बोलायचे नाही असे ठरवणाऱ्यांचे शिक्षण मात्र थांबते.

प्रश्न : नकाशात ‘देर गांगेस’ असे लिहिलेले पाहिले. गंगा पुल्लिंगी कशी?

उत्तर : जर्मनीतल्या बहुतेक नद्या स्त्रीलिंगी आहेत: दी एल्बे, दी श्प्रे, दी मोझेल, आणि आपण जिला डॅन्यूब म्हणतो ती दी दोनाउ. ऱ्हाइन, माइन आणि नेकार या नद्या मात्र पुल्लिंगी आहेत. जर्मनीबाहेरच्या नद्यांना साधारणपणे पुल्लिंग लावतात, म्हणून देर नील, देर आमात्सोनास, देर इंडुस आणि देर गांगेस. ‘-आ’ किंवा ‘-ए’ने संपणारी नावे यातून सुटतात; वोल्गा आणि टेम्झे, म्हणजे लंडनची थेम्स, या स्त्रीलिंगी आहेत. जर्मनमध्ये गंगेचे नाव आपल्यासारखे आकारान्त न राहता ‘स’ने संपते, त्यामुळे ते या सवलतीत बसत नाही आणि परदेशी नद्यांच्या सर्वसाधारण रांगेत जाते. जर्मनमध्ये लिहिताना ‘देर गांगेस’च लिहावे आणि त्याच्यासाठी सर्वनामही ‘एर’ वापरावे.